दोरीपलीकडचं माहेर

देवाकडे मागताना माणसानं नीट बघून मागावं. शिंपीकाकांनी एवढंच मागितलं होतं, "तिला एकदा सगळं आठवू दे." काकूंची आठवण गेल्या काही वर्षांत उसवत चालली होती. जन्मभर लोकांची उसवण शिवणाऱ्या काकांच्या हाताला ही काही लागेना. डॉक्टर म्हणाले, जुन्या जागी नेऊन बघा. म्हणून लेक-जावयाला घेऊन ते काकूंच्या माहेरी आले. माहेर म्हणावं तर तिथं आता कुणी राहत नव्हतं. सरकारनं ते जुनं शेतघर संग्रहालय म्हणून जसंच्या तसं जपून ठेवलं होतं आणि खोल्याखोल्यांतून दोऱ्या बांधल्या होत्या.

"सासुरवाडीला तिकीट काढून जाणारा जावई पहिल्यांदाच बघतोय," जावई म्हणाला.

"तुमच्यावर अजून ही पाळी आली नाही, जावईबापू," काका हसले.

स्वयंपाकघर दिसलं आणि काकूंनी लेकीचा हात सोडला. दोरीखालून वाकून त्या थेट चुलीपुढे जाऊन बसल्या. फुंकणी उचलली. न बघताच हात कोनाड्यात गेला.

"काडेपेटी कुठं गेली? आईला नुसती जागा बदलायची खोड." मग शिडीकडे बघून म्हणाल्या, "धाकट्याला सांगा, माळ्यावर चढू नको. पायरी मोडलीय."

लेकीचे डोळे भरले. "बाबा, आठवतंय तिला."

काकांनी उंबऱ्याशीच हात जोडले. मग दोरी उचलून तेही आत गेले. "अगं..."

काकू सावरून बसल्या. "कोण हवंय आपल्याला? बाबा शेतात गेलेत. बसा, येतीलच."

काका भिंतीला टेकून बसले. "मी शिंपी," ते म्हणाले.

"हो का? मग हे बघा." काकूंनी बाही पुढे केली. "शिवण बघा कशी आहे. कुणी शिवलं कोण जाणे."

"असेल कुणीतरी."

देवानं हातचं काही राखलं नव्हतं. सगळं परत दिलं होतं. पण ज्या दिवसांत तिला नेऊन बसवलं, त्या दिवसांत काका अजून आलेच नव्हते.

पहारेकरी किल्ल्या घेऊन आला. "बंद करायची वेळ झाली."

काकांनी हात पुढे केला. "चला."

"परक्या माणसाबरोबर कशी येऊ? बाबा रागावतील."

"आई, अगं हे..." लेक बोलू लागली. काकांनी तिला खुणेनंच थांबवलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, आणि पहारेकऱ्याच्या कानाशी लागून काही बोलले.

तो काकूंपुढे वाकला. "ताई, चला. बाबांनी बोलावलंय."

काकू लगेच उठल्या. एका बाजूला पहारेकरी, एका बाजूला लेक, अशा गाडीकडे निघाल्या. काका बरंच अंतर ठेवून मागून चालले. पावलं वाजून ती दचकायला नको, म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.