रंगाऱ्याचं गाणं

पक्षाघाताचा झटका आला आणि हिचे शब्द गेले. मी रोज समोर बसून एकेक वस्तू दाखवायचो. "हा पेला. म्हण, पेला." ही ओठ हलवायची, मग चिडून मान फिरवायची. मी जन्मभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेला माणूस. शब्दांखेरीज माझ्याजवळ होतं काय?

मग खोली रंगवायला रंगारी आला. भिंत घासता घासता शिडीवरून एक जुनं गाणं गुणगुणू लागला आणि पलंगावरून हिने पुढची ओळ उचलली. शब्दांसकट!

"काकू, आवाज खणखणीत आहे की तुमचा!"

ही लाजली. चक्क लाजली.

मी डॉक्टरांना फोन केला. "होतं असं," ते म्हणाले. "बोलणं गेलं तरी पुष्कळदा गाणं राहतं. ते फार खोल रुजलेलं असतं."

माणूस बोलायच्या आधी गायला लागला असावा, असं मीही कुठेतरी वाचलं होतं. वाचताना पटलं होतं. आता मात्र अंगाचा तिळपापड होत होता. संसार माझा, आणि सूर जुळले कुणाशी, तर केसांत रंग उडालेल्या परक्या माणसाशी! दोघांची मैफल रंगायची आणि मी चहा नेऊन द्यायचो, वाढप्यासारखा.

"झालं, काका," एका संध्याकाळी तो म्हणाला. "रंगाचे दोन्ही हात मारून झाले. उद्या येत नाही."

सुटलो, असं वाटलं. लगेच आठवलं, उद्यापासून ही गाणार कुणाबरोबर?

"अजून एक हात मार."

"भिंतीला गरज नाही हो."

"असू दे. मार."

त्याने पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुम्हीच गा की."

मी? लग्नानंतर एकदाच गायलो होतो. तेव्हा हिने शेजारी ऐकतील या लाजेने उठून खिडकी लावली होती. त्यानंतर मी न्हाणीघरातही गुणगुणलो नाही.

तो गेल्यावर मी पलंगापाशी स्टूल ओढलं. घसा साफ केला. त्याचंच गाणं धरलं. पहिल्याच ओळीला आवाज फाटला, दुसरीला चाल हरवली. हिने कपाळाला आठ्या घातल्या. हात उचलला. रंगाचा वास जावा म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडकीकडे बोट केलं.

"खि... खिडकी," ही म्हणाली. "लावा."

मी उठून खिडकी लावली. कडीसुद्धा घातली. रंगाऱ्याला हिने हे एकदाही म्हटलं नव्हतं.