न्हाणीतला पाट

घर आवरताना लोक न्हाणी शेवटी ठेवतात, कारण निघायच्या दिवशीही आंघोळ करायचीच असते. शेवटी राहिलेलं काम कसं उरकलं जातं ते मी सांगायला नको. ट्रकवाला दारात हॉर्न मारत असतो, बायका थकलेल्या असतात, पुरुषांची डोकी तापलेली असतात. मग काय घेतलं नि काय टाकलं, कुणाला शुद्ध नसते. मला कुणी विचारलं तर मी म्हणते, न्हाणी आधी आवरा. एक दिवस पारोसं राहिल्यानं कुणी मरत नाही.

आमच्या शेजारच्या सुकदेवची धुळ्याला बदली झाली तेव्हाची ही गोष्ट. वरणगावात आमची दोन्ही घरं एकाच मालकाची, मधली भिंत एक. त्यांच्या न्हाणीत तांब्या पडला तर माझ्या स्वयंपाकघरात खणखणायचा. सुकदेव पाटबंधारे खात्यात कारकून होता. घरात बायको लिला, सात वर्षांची सुजाता आणि आई रुक्माबाई. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. तिचा नवरा यादवबाबा तीन वर्षांपूर्वी तापाच्या आजारात गेला होता. अक्का शिरपूरकडची, इतकी वर्षं इकडे काढली तरी तिच्या तोंडची अहिराणी काही सुटली नाही.

डिसेंबरचे दिवस होते, हात गारठत होते. मी मदतीला गेले तेव्हा बाकीचं घर ट्रकमध्ये चढलं होतं आणि लिला पदर खोचून न्हाणीत उभी होती. मी घंगाळ पोत्यात घातलं, त्यात शिकेकाईचा डबा, पाय घासायची वजरी, साबणाची वाटी कोंबली. लिलानं बादलीत सोडून पाणी तापवायचा हीटर भिंतीवरच्या खिळ्यावरून काढला. जुना हीटर होता तो, वायरला दोन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेली. तिनं तो पंच्यात बांधला आणि लोखंडी बादलीत ठेवून बादली ट्रककडे पाठवली.

राहिला पाट. तो न्हाणीत नव्हताच. अक्का ओट्यावर बसली होती आणि पाट तिच्या मांडीवर होता, नातवंड धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला.

हा पाट यादवबाबानं स्वतः केला होता. कसल्या तरी खोक्याच्या जाड फळ्या, वर रंधा मारलेला, पाण्यानं काळा पडलेला. घरातला प्रत्येक जण त्यावरच आंघोळ करायचा आणि त्यावर बसूनच बादलीतलं पाणी तापलं का ते हात बुडवून बघायचा. त्यांच्या घरात तो नियमच होता. यादवबाबा मोजकं बोलणारा माणूस. त्यानं हुकूम दिला की दिला, कारण विचारायची कुणाची छाती नव्हती.

"अक्का, दे तो इकडे," सुकदेव म्हणाला. "काकूंना देऊन टाकू. नव्या घरात मोझॅक आहे, छान बाथरूम आहे. तिथं हा काळा पाट कुठं ठेवणार? आणि ट्रकमध्ये तीळ ठेवायला जागा नाही."

"बठ्ठं सोड," अक्का म्हणाली, "पण हाऊ पाट नको सोडू. तुना बाप सांगी गया. पाटवरथून उतरीसन बादलीले हात लावाना नही."

"का पण? कशासाठी?"

"कसाले ते माले काय माहीत? त्यानी सांगं, मी ऐकं."

सुकदेव माझ्याकडे बघून हसला. "बघा काकू. बौद्ध झालो तेव्हा बाबांनीच देवघरातले देव काढून तापीत सोडले, आणि आता अक्का पाटाचा देव करतेय."

"ती मांजर पाटवर नव्हती," अक्का पुटपुटली.

हे ऐकून लिलासुद्धा हसली. आदल्या हिवाळ्यात गल्लीतली पांढरी मांजर त्यांच्या न्हाणीत बादलीला टेकून मेलेली सापडली होती. उंदराचं औषध खाल्लं असेल म्हणून सुकदेवनं ती मागे नेऊन पुरली. अक्का मात्र तेव्हापासून हेच एक वाक्य धरून बसली होती, आणि तिचं म्हातारपण आता डोक्यात शिरलं असं आम्ही सगळेच म्हणायचो.

सुकदेवला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून एक सांगते. त्याच्या बदलीआधी दोन वर्षं गल्लीतल्या एका पोरीच्या अंगात आलंय म्हणून भगत बोलावला होता. तो तिच्या नाकाखाली मिरच्यांचा धूर धरायला निघाला तेव्हा बाकीचे हात जोडून उभे होते. सुकदेवनं त्या भगताची झोळी रस्त्यात रिकामी केली आणि पोरीला उचलून दवाखान्यात नेलं. ती तापात बरळत होती. आज ती चांगली दोन लेकरांची आई आहे. म्हणून तो "आपण हे मानत नाही" म्हणाला की मला त्याचं कौतुकच वाटायचं. मी स्वतः वारा-वारांचे उपास करणारी बाई, तरी वाटायचं.

शेवटी लिलानं हळूच अक्काच्या हातांची बोटं सोडवली आणि पाट माझ्याकडे दिला. "राहू द्या काकू, तुमच्या न्हाणीत नाहीतरी चिखल होतो."

ट्रकचं इंजिन सुरू झालं. अक्काला पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं होतं. तिनं माझा हात खिडकीतून घट्ट धरला. "आते आमले कोण सांभाळी, पुष्पा?" ती म्हणाली. मी काहीतरी हसून उत्तर दिलं, सुकदेवसारखा मुलगा असताना कसली काळजी वगैरे. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती माझ्या बगलेतल्या पाटाकडे बघत होती, आणि ट्रक वळेपर्यंत बघत राहिली. मला ते बघणं आवडलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना, तेव्हा घर फार मोकळं वाटलं आणि जेवणही गेलं नाही.

सकाळी मी तो पाट आमच्या न्हाणीत टाकला. आमचे हे, भाईदास, कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर कामाला. आंघोळीला गेले आणि लगेच ओले पाय घेऊन बाहेर आले, पाट उलटा धरून.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. पाटाच्या चारी कोपऱ्यांना खालून टायरचे जाड तुकडे बसवलेले होते. "घसरू नये म्हणून असेल," मी म्हणाले.

"त्यासाठी इतकं जाड रबर कशाला? आमच्या जिनिंगमध्ये मोटारीच्या स्टार्टरपुढे अशीच फळी टाकलीय. तिच्यावर उभं राहूनच बटण दाबायचं. करंट लागू नये म्हणून."

करंट हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ती मांजर बादलीला टेकून मेली होती. आणि मला माझा स्वतःचा हात आठवला.

आदल्याच हिवाळ्यात आमचं रॉकेल संपलं म्हणून मी लिलाकडे गरम पाणी मागायला गेले होते. "घ्या बादलीतलं," ती चुलीपुढून म्हणाली. मी न्हाणीच्या उंबऱ्यात अनवाणी उभी राहिले, वाकून हीटर लागलेल्याच बादलीत तांब्या बुडवला, आणि माझा हात खांद्यापर्यंत असा झटकला गेला की तांब्या भिंतीवर जाऊन आपटला. ओट्यावरून अक्का किंचाळली, "पाटवर! पाटवर उभी ऱ्हाय!" मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, कोपर चौकटीला आपटलं, आणि म्हातारी मला हटकतेय. बौद्धांच्या घरचं पाणी घेते म्हणून गल्लीतल्या बायकांची बोलणी मी खाते, आणि ही मलाच बादलीला हात लावू देत नाही! मी फणकाऱ्यानं घरी आले आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

"तो हीटर खराब आहे," मी यांना म्हणाले. "तो आधीपासूनच खराब आहे. त्या पाटानं आजवर सगळ्यांना वाचवलं."

"आणि हीटर कुठंय?"

"धुळ्याला."

यांनी अंगात सदरा घालायच्या आत मी रस्त्यावर होते. सुकदेवनं जाताना नव्या घरमालकाचा फोन नंबर आमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, तो निघतानाच पानासकट फाडून घेतला होता. कोपऱ्यावरच्या रुपचंदच्या दुकानात एसटीडी होता. रुपचंद नुकता उदबत्ती ओवाळत होता. मी त्याला बाजूला सारून फोन हातात घेतला. लाइन लागेना. टूं टूं करून तुटायची, पुन्हा फिरवायचा. माझ्या डोळ्यांपुढे सारखी सुजाता येत होती. सुकदेव ट्रक भरतानाच म्हणाला होता, उद्या लवकर आंघोळ घालून तिला नव्या शाळेत न्यायचं. पहिली आंघोळ तिचीच होणार होती. मी देवाला काय काय बोलले ते देवालाच माहीत.

अखेर घंटी वाजली. घरमालक अभिमननाना होते, आवाजावरून म्हातारे आणि निवांत.

"आले ना काल, व्यवस्थित आले," ते म्हणाले. "चांगली माणसं दिसतात. आता वर पाणीच तापतंय त्यांचं. प्लग मीच दाखवला."

"नाना, मेन बंद करा!" मी इतकी ओरडले की रुपचंदच्या हातची उदबत्ती पडली. "बादलीत करंट उतरतो! कुणाला हात लावू देऊ नका! आधी मेन बंद करा!"

त्यांनी फोन टेबलावर टाकला. चपलांचा आवाज, जिना, "सुकदेवराव! ओ सुकदेवराव!" अशी हाक. मग लांब कुठंतरी लोखंडी बादली आडवी झाल्याचा आवाज आला. तो आवाज मी इतकी वर्षं भिंतीतून ऐकला होता, मला तो ओळखावा लागला नाही. त्यानंतर काहीच नाही. मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला.

मग एक पोर रडायला लागलं. हंबरडा फोडून, श्वास न घेता.

"सुजाता रडतेय," मी यांना म्हणाले. हे तोवर धापा टाकत पोचले होते. "रडतेय म्हणजे आहे! पोरगी आहे हो!" मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून हसले. खरंच हसले, रुपचंदनं मला पाणी दिलं.

नाना परत फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "बाई," ते म्हणाले, "मी वर मेनपाशी पोचलो तेवढ्यात... म्हातारी गेली हो."

काय झालं ते लिलानं नंतर रडत रडत सांगितलं. पाणी तापत आलं होतं. सुजाता पंचा गुंडाळून दाराशी उभी होती, सुकदेव तिला म्हणत होता, हात बुडवून बघ गं, तापलं का. तेवढ्यात अक्का उठली आणि बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिली. रात्रभर ती झोपली नव्हती. "पाट नही शे," ती म्हणाली. "पहिले मी." सुकदेवला हसू आलं. तो चिडला नाही, प्रेमानंच म्हणाला, "बरं, आज पहिली आंघोळ तुझी. तूच बघ, काही होत नाही ते." नातीला मागं ढकलून अक्का ओल्या मोझॅकवर गेली. खालून नाना हाक मारत होते, तोवर तिनं हात बुडवला होता.

तिला करंट म्हणजे काय हे माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आज पाट नाही, आणि जे काही व्हायचं ते पोरीआधी आपल्याला होऊ दे.

पुढे सुकदेव वरणगावला आला, मालकाला किल्ली द्यायला. ओळखू येणार नाही इतका वाळला होता. चहा घेतला नाही. "काकू, पाट आहे का?" एवढंच म्हणाला. मी तो वापरला नव्हता, माळ्यावर ठेवला होता. त्यानं तो उलटा केला आणि टायरच्या एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं.

"बाबांना माहीत होतं," तो म्हणाला. "नवा हीटर घ्यायचं सोडून पाट केला त्यांनी. आणि आम्हाला सांगितलं नाही."

"ते कुणालाच काही सांगायचे नाहीत रे."

"मी तरी कुठं बघितलं? जगाला सांगत फिरलो, कारण कळल्याशिवाय काही मानू नका. आणि कारण न बघताच हा टाकून दिला. नुसता उलटा केला असता तरी पुरे होतं, काकू." मग तो रडला. मोठा माणूस रडताना काय करावं मला कधीच कळत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. बस जवळजवळ रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, पाट वर ठेवा. सुकदेवनं ऐकलं नाही. खिडकीशी बसून त्यानं तो मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि धुळ्यापर्यंत तसाच नेला.