डावीकडे पाव फेरा

…यंत्राच्या नॉबवरची पांढरी रेघ, वर्षानुवर्षं बोटं लागून पुसट झालेली, अजून डावीकडेच होती. ती परत मधोमध आणून ठेवायला हवी, हे तिला कळत होतं. पण मांडीवरचा हात उचलेना.

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी शत्रूचं क्षेपणास्त्र शहराकडे आलं आणि तिने त्याला चकवलं. यंत्राचं नावच इथे 'चकवा' पडलं होतं – गोळी नाही, स्फोट नाही, नुसते खोटे संकेत सोडायचे, म्हणजे येणाऱ्याला आपण भलतीकडेच आहोत असं वाटतं आणि ते आपणहून वाट सोडतं. कुणालाही न मारणारं शस्त्र… नोकरी लागली तेव्हा सासूबाईंना तिने किती हौसेने सांगितलं होतं, "आमच्या हाताला रक्त लागत नाही हो, आई." आणि सासूबाईंनी ते चार घरी सांगितलं होतं.

पण वाट सोडलेलं क्षेपणास्त्र कुठेतरी पडतंच. नियम साधा होता : उजवीकडे, धरणाच्या पाण्यात. आणि पाण्याच्या अलीकडे लेकीची शाळा, निळ्या पत्र्याची, अकराची मधली सुट्टी… तीन सेकंद ते त्या पत्र्यावरून गेलं असतं. नुसतं गेलं असतं, पडलं नसतं. हे गणित ती झोपेतही सांगू शकली असती. तरी हात डावीकडे गेला. डावीकडे नकाशावर मोकळी जागा होती. त्या मोकळ्या जागेत गेल्या महिन्यात वीटभट्टी लागली होती, आणि भट्टीवरची चार माणसं गेली.

दुपारी साहेब अहवालाचा कागद घेऊन आले. 'यंत्रामुळे झालेली जीवितहानी' या रकान्यात त्यांनी आधीच 'निरंक' लिहून ठेवलं होतं.

"साहेब, भट्टीवरचे चौघे…"

"ते क्षेपणास्त्राने गेले. आपल्या यंत्राने नाही." साहेब माणूस वाईट नव्हते, म्हणूनच बहुधा ते चष्मा पुसत राहिले. "पण डावीकडे का वळवलंत?"

"उजवीकडचा संकेत लागत नव्हता."

किती सहज बोललो आपण.

"होतं असं कधी कधी," साहेब म्हणाले. "सही करून ठेवा."

ते गेले आणि फोन वाजला. लेक. "आई, भोंगा वाजला ना, तेव्हा आम्ही सगळे बाकाखाली बसलो. माझा डबा सांडला."

"मग काय खाल्लंस?"

"मैत्रिणीने अर्धा दिला. आई, तू रडतेयस?"

"नाही गं. सर्दी झालीय."

रडू त्या चौघांसाठी यायला हवं होतं. ते आलं होतं सांडलेल्या डब्यासाठी, आणि याची तिला मनापासून लाज वाटली. भट्टीवरच्या कुणाचा डबा आज तसाच भरलेला राहिला असेल… संकेत लागत होता, हे मी साहेबांना सांगायला हवं. आत्ता उठून, दोन दारं ओलांडून.

ती उठली नाही. तिने नॉब मधोमध आणला, डोळे मिटले, आणि मनातल्या मनात सकाळची अकरा वाजून सात मिनिटं पुन्हा होऊ दिली. या वेळी उजवीकडे, तिने स्वतःला बजावलं. निळा पत्रा दिसला… आणि तिने पुन्हा डावीकडे वळवलं. तिकडे माणसं आहेत हे आता ठाऊक होतं, तरीही.

कागद समोर होता. पेनाचं टोपण तिने काढलं, लावलं, पुन्हा काढलं.