पाटावरची मधली जागा

त्रेपन्न साली विश्राम आमच्या गॅरेजात आला आणि माझ्या जेवणाची चव गेली. लष्कराच्या वर्कशॉपात शिकलेला म्हणे. पेट्रोलचा दाब मोजायचं गेज त्याने सोबत आणलं होतं, घड्याळासारखं, आत काटा. कल्याणात बारा वर्षं मी मोटारीतल्या पेट्रोलपंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दाब सांगत आलो. पण आता गिऱ्हाईक आलं की मालक आनंदाशेठ विश्रामलाच हाक मारायचे.

तेही गिळलं असतं. पण खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत पाटावर मधोमध माझा पाना असायचा. मोठ्या मिस्त्रीचा मान तो. त्या वर्षी शेठ म्हणाले, "पंढरी, मध्ये गेज ठेव रे. तुझा पाना सरकव बाजूला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हत्यारं पुसायचं काम माझंच. मी गेजची काच काढली, काटा नखाने आत दाबला आणि काच परत बसवली. आता दाब कितीही असो, काटा दोन पौंडांपाशी घासून अडणार होता. होऊ दे लष्कराची फजिती! मग निमूटपणे गेज मधोमध ठेवलं, वर झेंडूचं फूलही वाहिलं.

पूजा आटोपते न आटोपते तोच चार माणसांनी डॉक्टरांची मोटार ढकलत आणली. डॉक्टरांना टिटवाळ्याला बाळंतिणीकडे जायचं होतं. पूजलेलं हत्यार तर दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. शेठ नुसते हात चोळत राहिले.

"पंढरीदादा," विश्राम म्हणाला, "तुमचा अंगठा काय पाटावर ठेवलेला नाय."

टोमणा असेल म्हणून मी रागाने वर बघितलं. टोमणा नव्हता.

डॉक्टरांच्या डिकीतल्या पान्याने मी नळी सोडवली. विश्रामने हँडल मारलं, मी अंगठा लावला. पंप ठणठणीत होता. कचरा कार्बोरेटरच्या जाळीत निघाला. तो फुंकून काढला आणि गाडी सुरू झाली. डॉक्टर गेले.

"किती होता रे दाब?" शेठनी विचारलं.

"तीन पौंड. काडीचा कमी नाय," मी छाती काढून म्हणालो. "कमी निघाला तर माझा पाना पुन्हा पाटावर ठेवू नका."

विश्राम खुलला. "शेठ, मिलिटरीत पण असा अंगठा नाय बघितला मी. उद्या डॉक्टर सोनं द्यायला येतील ना, तेव्हा याच गाडीला गेज लावून सगळ्यांना दाखवू. काटा पण तीनच सांगणार. मग पुढच्या वर्षी मधली जागा दादांचीच."

"ठरलं," शेठ म्हणाले.

मी पाटाकडे बघितलं. मधोमध गेज, त्यावर मीच वाहिलेलं फूल. काटा दोनच सांगणार होता, आणि दसऱ्याला सगळ्यांदेखत उचलेपर्यंत त्याला हात लावायची सोय नव्हती.