साहेबांचा शब्द

सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी टेकडीवरच्या नळाला पाणी आलं. अकरा महिन्यांनी. मंत्र्यांनी तोटी फिरवली तेव्हा सहा कॅमेरे चालू होते.

नळामागे पंपघर होतं. त्याच्या दारात पंप मेकॅनिक उभा होता. आतली मोटर त्यानेच आदल्या दिवशी बसवली होती. गोदामातून ती ट्रकने आली तेव्हा सोबत चिठ्ठी होती : 'कार्यक्रमापुरती. उद्या संध्याकाळी परत.' परवा हीच मोटर दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या नळामागे बसायची होती.

जुनी मोटर जळाल्यापासून त्याने नऊ अर्ज केले होते. तोही याच वस्तीत राहायचा. बायको रोज खालच्या रस्त्यावरून दोन कॅन भरून वर आणायची आणि दारात ठेवताना म्हणायची, "गावभरचे पंप चालू करतोस. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच."

मंत्र्यांची प्रसिद्धी बघणारी बाई त्याच्याजवळ आली. "काका, एकच वाक्य. 'साहेबांमुळे पाणी आलं.' बस."

"हात धुऊन येतो."

"नको नको. तेलकटच छान दिसतात."

त्याला मंत्र्यांच्या शेजारी उभं केलं. माइक पुढे आला.

"साहेबांमुळे पाणी आलं," तो म्हणाला. बाईने समाधानाने मान हलवली. पण तो माइकसमोरून हलला नाही. "साहेब, लोक म्हणतात ही मोटर संध्याकाळी परत जाणार. तुम्हीच सांगा, जाणार का?"

बाईची मान हलायची थांबली. मंत्री मात्र मुरलेले होते. क्षणभरात त्यांचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"कोण म्हणतं? माझ्या लोकांचं पाणी कोण नेतो, बघतोच. ही मोटर इथंच राहील."

टाळ्या बराच वेळ चालल्या. सगळ्यात जोरात त्याची बायको वाजवत होती.

गाडीत बसण्याआधी बाई त्याला म्हणाली, "काका, चांगलंच तोंडघशी पाडलंत मला."

"छे हो ताई. साहेबांना एक वाक्य कमी पडत होतं."

तिला हसू आलं. "व्हिडिओ मात्र झकास झालाय."

तो तिनेच टाकला. चार वाजेपर्यंत साठ हजार लोकांनी पाहिला होता. तोवर वस्तीतलं प्रत्येक पिंप, बादली, पातेलं भरून झालं होतं.

सहा वाजता मोटर न्यायला ट्रक आला. पंपघराच्या दारात मेकॅनिकची बायको मोबाइल घेऊन उभी होती.

"वहिनी, माझ्याकडे कागद आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"कागद राहू द्या, भाऊ. हे ऐका."

ड्रायव्हरने दोनदा ऐकलं. "साहेबच की हे." कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि ऑफिसला फोन लावला. "थांब, विचारून सांगतो," तिकडून उत्तर आलं.

सात वाजेपर्यंत फोन परत आला नव्हता. ट्रक रिकामाच उभा होता. ड्रायव्हर पायरीवर बसून नळाचं पाणी पीत होता. आत मोटर चालू होती आणि मेकॅनिक तिचे बोल्ट पुन्हा एकदा आवळत होता.