मुकादमाची पोर

धाकटीचा उजवा हात लॉन्ड्रीच्या इस्त्रीयंत्रात गेला, तेव्हा मुकादमाने साहेबांपुढे शपथेवर सांगितलं, "बाई कामावर डुलक्या काढत होती." खरं तर काम झपाट्याने उरकावं म्हणून यंत्रावरची जाळी त्यानेच काढून ठेवली होती. धाकटीची नोकरी गेली, त्याला बढती मिळाली.

धाकटी डाव्या हाताने जगायला शिकली. चर्चच्या मागच्या खोलीत ती दर शनिवारी भरकटलेल्या पोरापोरींसाठी दार उघडं ठेवू लागली. कुणी घरातून पळालेलं, कुणी शाळेतून काढलेलं. ती गरम सूप द्यायची, ऐकून घ्यायची. कुणी म्हटलं तरच प्रार्थना करायची.

थोरलीचं सलून होतं. शनिवारी ती चर्चच्या खोलीत पोरांचे केस फुकट कापायला जायची, ते धाकट्या बहिणीखातर. देवाकडे तिचं मागणं एकच होतं: तो माणूस एकदा माझ्या तावडीत दे.

एका शनिवारी एक शाळकरी मुलगी आली. रागाच्या भरात स्वतःचेच केस भादरून घेतलेले. थोरलीने तिला खुर्चीत बसवलं.

"घरी कोण असतं गं?"

"बाबा. लॉन्ड्रीत मॅनेजर आहेत. आई गेल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत."

थोरलीने आरशात पाहिलं. तेच नाक, तीच हनुवटी. तो नाही, पण त्याच्या काळजाचा तुकडा हाती लागला होता.

केस सारखे करता करता तिने सगळं सांगितलं. जाळी, शपथ, बढती. आवाज अगदी मधाळ. "तुझ्या ताटातलं अन्न माझ्या बहिणीच्या हाताच्या बदल्यात आलंय, बाळ."

पलीकडे धाकटी एका हाताने सूप वाढत होती. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि ती धावतच बाहेर पडली.

त्या दिवशी थोरलीला कित्येक वर्षांनी पोटभर जेवण गेलं.

रविवारी उपासना सुटली, तर पायऱ्यांवर मुकादम उभा. तोंड सुकलेलं.

"पोरीने मला विचारलं. मला खोटं बोलवेना. ती घर सोडून गेली. कुणी पाहिलंय का तिला?"

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "आता कळलं, आपलं माणूस मोडलं की कसं वाटतं?"

धाकटी मागेच होती. "तू सांगितलंस तिला?"

"तुझ्यासाठी."

"माझ्या नावावर खपवू नकोस. वैर बापाशी आणि घाव लेकराला?"

ती तशीच निघाली, मुकादमाला सोबत घेऊन. दुपारी बसस्टँडच्या मागे मुलगी सापडली, तापाने फणफणलेली. बापाला पाहून तिने तोंड फिरवलं. धाकटीच्या कुशीत मात्र शिरली.

"साहेबांना खरं सांगा, मगच घरी येईन," ती बापाला म्हणाली, आणि धाकटीकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने साहेबांना खरं सांगितलं. नोकरी गेली. ते ऐकून थोरली खदखदून हसली; धाकटीसमोर लपवलंही नाही.

मुलगी घरी परतली, पण शनिवारी येत राहिली. एकदा थोरलीने तिच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला.

"तुम्ही खरं सांगितलंत, मावशी," मुलगी म्हणाली. "पण माझ्यासाठी नाही सांगितलंत."

थोरली उठून गेली नाही. मुलगी खात होती, तोवर समोर बसून राहिली.