मेणाखालची धार

अंबाजीचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत कायम तुळतुळीत असायचा. सुरीला धार बसली की नाही हे बघायला तो पातं हाताच्या केसांवरून फिरवायचा, आणि सुऱ्या इतक्या की बिचाऱ्या केसांना परत उगवायला सवडच मिळत नसे. मुरुडच्या कोळीवाड्यात हसायला दुसरं काही मिळालं नाही की लोक अंबाजीचा हात वर धरून पाहुण्यांना दाखवत. तोही त्यांच्यात हसून घ्यायचा.

त्याचा छंद सुऱ्या जमवायचा. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याची कोयती, झिजून बोटाएवढी उरलेली खाटकाची सुरी, चांभाराची रापी, आगबोटीवरच्या एका उतारूने दिलेला घडीचा चाकू आणि नबाबी गेली तेव्हा वाड्यातल्या एका खानसाम्याने जाता जाता विकलेली, हाडाच्या मुठीची फळं कापायची सुरी. सगळ्या एका सागवानी पेटीत, खोबरेल तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेल्या. पेटीच्या तळाशी मात्र एक साधी घरातली सुरी होती. अंबाजीची बायको बायजा बाळंत व्हायच्या वेळी ती तिच्या उशाखाली ठेवली होती, तिला काही बाधू नये म्हणून. बाधायचं ते बाधलंच. बायजा गेली, मूलही गेलं. ती सुरी परत कांदा चिरायला द्यायचं अंबाजीच्या जिवावर आलं. त्याने ती पुसली, तेल लावलं आणि ठेवून दिली. तिला सोबत म्हणून दुसरी आणली, मग तिसरी, आणि पुढे कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही.

भांगाचे दिवस आले, म्हणजे पाण्याला ओढ नाही आणि जाळं टाकून काही हाती लागत नाही असे दिवस, की अंबाजी अंगणात गोणपाट पसरून पेटी उघडायचा. थोरला भाऊ धर्मा शेजारी जाळं सांधत बसलेला असे. धर्माची बायको राही, जिच्या चुलीवर तिघंही जेवत, भाकरी थापता थापता बाहेर डोकावायची.

"काय भावजी, आज कुनाची सोयरीक आली?"

"खानसाम्याची हाय, वयनी. गोरी हाय, पन नाजूक."

तेल पुसून पातं उन्हात धरलं की त्यात माडाची झावळी हलताना दिसायची. त्या वेळी या जगात कुणाचं काही वाईट होईल असं अंबाजीला वाटतच नसे. सुख एवढंसंच होतं, पण बायजा गेल्यापासून त्याच्याकडे दुसरं नव्हतं.

या सगळ्यांत नसलेली एक सुरी त्याला हवी होती, आणि ती घरचीच होती. होडीच्या आडव्या फळीला दोरीने बांधलेली, सांबरशिंगाच्या मुठीची. त्यांच्या बापाने ती राजपुरीच्या एका लोहाराकडून करून घेतली होती. तो लोहार नबाबीबरोबर कुठे निघून गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि लोखंडाला तसं पाणी देणारा हात या किनाऱ्याला पुन्हा झाला नाही असं निदान अंबाजीचं तरी मत होतं. होडीची सुरी होडीतच राहते. जाळं अडकलं, पायात दोर आला, तर हाताला पहिली तीच लागली पाहिजे. हे कोळ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही, आणि अंबाजीलाही ते चांगलं माहीत होतं.

पण धर्मा ती ओली तशीच खोचून ठेवायचा. खारं पाणी पातं खात होतं आणि ते बघून अंबाजीचा जीव तीळतीळ तुटत होता.

"दादा, पुसून तरी ठेव रं."

"सुरी हाय ती, नवरी न्हाय," धर्मा हसायचा, "पेटीत घालून बघत बसायला."

शेवटी अंबाजीने युक्ती काढली. धार गेलीय, लावून देतो म्हणाला. धर्माने सुरी सोडून हातात दिली. तिच्या जागी अंबाजीने माणगावच्या बाजारातली एक सुरी बांधली. दिसायला ती नवरदेवासारखी, पण लोखंड कच्चं. आणली त्याच दिवशी त्याने ती पेटीत घ्यायच्या लायकीची नाही म्हणून बाजूला टाकली होती. होडीला मात्र ती चालेल असं त्याला वाटलं. दोन दिवसांचाच तर प्रश्न होता.

धार त्याच दुपारी लागली. गंजाखालून निळसर पोलाद वर आलं आणि अंबाजी बघतच राहिला. द्यायची तर होतीच, पण आज नको, उद्या देऊ. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर होडी ओढताना धर्मा विचारायचा, "झाली का रं सुरी?" आणि अंबाजी म्हणायचा, "उद्या देतो." आपण खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही येत नसे. उद्या तो खरंच देणार होता.

अशात काशीदच्या एका खलाशाने बसऱ्याहून सुरी आणल्याचं त्याच्या कानावर आलं. मग काय, त्याला चैन पडेना.

"जा, सोयरीक बघून ये," धर्मा सकाळी होडी लोटता लोटता म्हणाला. त्याचं तोंड जरा उतरलेलं होतं, पण अंबाजीचं लक्ष काशीदकडे लागलेलं. "जाळं जवळच हाय, मी एकटा जातो. आनि सुरी?"

"आल्यावर देतो, दादा. आज नक्की."

ती सुरी त्या वेळी त्याच्या कमरेला होती. बसऱ्याची सुरी आपल्या सुरीपुढे कशी फिकी पडते ते त्याला बघायचं होतं. खरं सांगायचं तर खलाशाला दाखवून मिरवायचं होतं. आणि पडलीच ती फिकी! खलाशाने सुरी उलटीपालटी करून पाहिली आणि मान डोलावून म्हणाला, "वा!" त्या एका शब्दाच्या आनंदात अंबाजी एस.टी.तून मुरुडला उतरला.

किनाऱ्यावर माणसं जमली होती.

शेजारच्या बाळाजीने धर्माची होडी एका अंगावर कललेली पाहिली होती. नांगर टाकताना दोराचा फास धर्माच्या पायात बसला आणि नांगराने त्याला खाली नेलं. बाळाजीने दोर ओढून त्याला वर काढलं, शिडाखाली झाकलं आणि होडी काठाला आणली. पायातला दोर त्याने तसाच ठेवला होता, त्या घाईत दोराकडे की फळीच्या सुरीकडे नीट बघितलंही नव्हतं. तो घरच्यांनी सोडावा म्हणाला.

अंबाजी होडीत चढला. फासापासून नांगराकडे हातभर अंतरावर काथ्याचा दोर पिंजून निघाला होता. तंतू उभे राहिले होते आणि निम्मा दोर तसाच शाबूत होता. शेजारी फळीला बाजारची सुरी लोंबत होती, धार मुडपलेली. धर्मा पाय होडीला अडवून किती घासत राहिला असेल ते अंबाजीला त्या दोरावरून कळलं. फासाची गाठ पाण्याने आवळली होती, बोटांनी सुटेना. त्याने कमरेची सुरी काढली आणि दोरावर टेकवली. जोर असा लावलाच नाही. दोराचे दोन तुकडे झाले.

तेव्हाच त्याने ओरडून सांगायला हवं होतं. काठावर सगळा कोळीवाडा होता, राही ऊर बडवत होती. ऐकायला माणसं होती आणि दाखवायला दोर होता, सुरी होती. अंबाजीने पिंजलेला तुकडा कापून तो आणि बाजारची सुरी होडीच्या पलीकडच्या अंगाने पाण्यात सोडून दिली. त्या रडारडीत कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

दिवसकार्य आटोपलं. राही एक दिवस म्हणाली, "भावजी, होडीची सुरी तेवढी मला आनून द्या. त्यांचा हात लागलेली."

सुरी पेटीत होती, तेल पाजलेली, झळझळीत. ती तशी हातात दिली तर राही विचारणार, होडीतली सुरी अशी कशी? म्हणून अंबाजीने मडक्यात खाडीचा चिखल घेतला, मीठ घातलं आणि त्यात सुरी पुरली. ज्याने जन्मभर गंजाशी वैर धरलं त्याने आपल्या हाताने गंज चढवला. पण पुरण्याआधी त्याचा हात आपसूक मेणाकडे गेला. धारेवर, फक्त धारेवर, त्याने मेणाचा पातळ लेप दिला. का दिला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाठीचा आधार गेला, भाऊ गेला, तरी या मेल्याच्याने एक धार बिघडवत नव्हती. राग येतो तो इथे येतो.

पातं चांगलं तपकिरी, खरबरीत झालं तेव्हा त्याने मेण खरवडून काढलं आणि सुरी राहीला नेऊन दिली. ती अंगणात म्हावरं सुकत घालत होती. तिने सुरी कपाळाला लावली, मूठ गालावर धरली. मग पदराने पातं पुसायला गेली आणि बोट कापलं.

ती रक्ताकडे बघत राहिली. मग उठली. वळचणीला जुन्या नांगराचा दोर टांगलेला होता. तिने सुरी त्याच्यावर ठेवली. दोराचं टोक तिच्या पायाशी पडलं.

राहीने ते उचलून पाहिलं.

"भावजी, ही तर लोन्यावानी कापते."

अंबाजी तिच्या बोटाला बांधायला फडकं शोधू लागला.

"मंग त्यांनी दोर का न्हाय कापला?"

समोर समुद्र होता, ती त्याच्याकडे बघून बोलत होती. "त्या दिशी सकाळी मी भांडले. भयनीच्या लग्नाला म्हायेरी जायचं व्हतं, ते नको म्हनाले. मी म्हनले, तुमचं त्वांड बघायचं न्हाय मला. भाकर तशीच टाकून गेले. सुरी हाताशी व्हती, भावजी. त्यांना कापायचंच नव्हतं."

अंबाजी आपली चूक झाकायला निघाला होता, आणि मेलेल्या भावाच्या अन् जित्या वहिनीच्या माथी हे येऊन बसलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वयनी, न्हाय. दादाने कापायला बघितलं. लई बघितलं. ही सुरी होडीत नव्हतीच. ती माज्याकडं व्हती, माज्या कमरेला. होडीला मी बाजारची बांधली व्हती, ती कापत नव्हती. दोर निम्मा पिंजला व्हता, मी माज्या डोळ्यांनी बघितला. दादा मेला तो माज्यापायी."

राहीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण त्यात राग नव्हता.

"तुमी लई चांगलं मानूस, भावजी."

"खोटं न्हाय, वयनी. बायजाची आन!"

"ती बाजारची सुरी कुठं हाय?"

"पान्यात टाकली."

"आनि दोर?"

"त्यो बी."

"आनि ही तुमच्या पेटीत व्हती?" तिने पात्यावरच्या गंजावरून बोट फिरवलं. बोट गंजाने तांबडं झालं. "तुमच्या पेटीतली सुरी कवा गंजली हाय?"

"मीच गंजवली. चिखलात पुरून."

"तुमी?" धर्मा गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं, आणि ते बघवेना. "सुरीला वल लागली तर तुमच्या घशाखाली घास उतरत न्हाय. तुमी गंजवली? नका, भावजी. माज्यासाठी असलं पाप अंगावर घेऊ नका."

तो बाळाजीकडे गेला. बाळाजीने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राही सांगत व्हती मघाशी," तो म्हणाला. "मन घट्ट कर. पन असं काय बाय बोलत फिरू नको." तोवर सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक झालं होतं. दीर असावा तर असा, वहिनीचं मन राखायला भावाचं मरण स्वतःवर घेतो, असं बाया पाण्यावर एकमेकींना सांगत होत्या. अंबाजीने पेटी उचलली आणि बायजाच्या सुरीसकट समुद्रात लोटून दिली. लोक म्हणाले, भावाच्या दुःखात नादसुद्धा सोडला बिचाऱ्याने.

राही आता कुणाची थट्टा करत नसे. ती कुणाशी भांडतही नसे. ताटात भाकरी वाढताना अंबाजीला चांगला मोठा तुकडा द्यायची, आणि स्वतः चुलीसमोर तशीच बसून राहायची. अंबाजी खाली मान घालून जेवायचा. त्याच्या डाव्या हातावर केस उगवले होते.

पाण्याला ओढ आली तेव्हा होडी काढावीच लागली. अंबाजी एकटाच निघाला. होडी लोटणार तोच राही वाळूतून चालत आली, लुगडं भिजेपर्यंत पाण्यात शिरली. तिच्या हातात ती सुरी होती. तिने ती होडीच्या आडव्या फळीला, जिथे बांधतात तिथेच, दोरीने बांधली.

"भावजी, पायात दोर आला तर कापा," ती म्हणाली. "तुमी तरी कापा."

गाठ पक्की बसली की नाही ते तिने ओढून पाहिलं आणि ती घराकडे वळली.